उणे तीन पाहुण्यांची शोकसभा

पणराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखात होतं. ऑफिसात कोणी उत्साहाने काही नवीन करून दाखवलं की हे गृहस्थ खुर्चीत जरा पुढे सरकत, चष्मा नाकावर नीट बसवत आणि म्हणत, "छान आहे. पण..." त्या शब्दापुढे जे काही येई, त्याने समोरच्याचा दिवस वाया जाई आणि गिऱ्हाइकाचं वर्ष वाचे. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहायची, दुसरी कोणाच्याच नाही. म्हणून पणराव. ठेवणाऱ्यांनी हे नाव चेष्टेने ठेवलं होतं, आणि पणरावांनी ते वरकरणी कपाळाला आठ्या घालून पण आतून मानाच्या पदवीसारखं घेतलं होतं.

पणराव सॉफ्टवेअर टेस्टर होते. प्रोग्रॅमर मंडळी जे बनवतात ते लोकांच्या हाती पडण्याआधी वापरून, ताणून, उलटंसुलटं करून बघायचं आणि कुठे मोडतं ते सांगायचं, हे त्यांचं काम. हे काम ते सासऱ्यांना लग्न ठरल्यापासून समजावून सांगत होते. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, सध्या मुक्काम लेकीकडे. प्रत्येक वेळी ते शांतपणे सगळं ऐकून घेत आणि शेवटी विचारत, "म्हणजे जावईबापू, बनवत तुम्ही काहीच नाही?" आल्यागेल्याला ते सांगत, "जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत." हे सांगताना आवाज असा पडे की जावई कॉम्प्युटरमध्ये पडले आहेत आणि काढायला माणसं गेली आहेत, असंच ऐकणाऱ्याला वाटावं.

"अहो बाबा, तुम्ही तरी जन्मभर काय केलंत?" बायको एकदा नवऱ्याच्या बाजूने म्हणाली. ही घटना दुर्मीळ म्हणून इथे नोंदवली आहे. "पेपरच तपासलेत ना?"

"पेपर तपासून मी मार्क देत होतो," सासरे म्हणाले. "हे नुसत्याच चुका काढतात."

यावर बायकोने वाढायला घेतलं आणि पणरावांना जेवण गेलं नाही.

तर त्यांच्या कंपनीने एका मोठ्या हॉस्पिटलसाठी नवीन सॉफ्टवेअर बनवलं होतं. रुग्णाने घरबसल्या आपला तपासणीचा रिपोर्ट फोनवर बघायचा, एवढी साधी गोष्ट. एका दुपारी पणरावांनी एक खोटा रुग्ण तयार केला, त्याला गुडघेदुखी दिली, गुडघ्याचा फोटो काढल्याची खोटी नोंद केली आणि रिपोर्ट उघडला. समोर आला मोतीबिंदूचा रिपोर्ट, आणि तोही कोणा दुसऱ्याच नावाचा. पणराव स्क्रीनजवळ सरकले. इतक्यात फोन वाजला. बायको म्हणत होती, "येताना गॅसचा लायटर आणा, जुना पेटत नाहीये." बोलता बोलता हात कुठेतरी लागला आणि मोतीबिंदू गेला. परत आला तो गुडघा. मग पणरावांनी त्या रात्री उशिरापर्यंत, आणि दुसरा सबंध दिवस, तोच रुग्ण शंभर वेळा उघडला. प्रत्येक वेळी आपला गुडघाच.

टेस्टरने चूक पाहावी आणि तिचा फोटो काढू नये, म्हणजे कोळ्याने घरी येऊन सुटलेल्या माशाची लांबी हाताने दाखवण्यातला प्रकार झाला. पणरावांनीही मुख्य प्रोग्रॅमरला हात पसरूनच सगळं सांगितलं. मुख्य प्रोग्रॅमर आपल्या स्क्रीनकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय." हे वाक्य प्रोग्रॅमर लोक आईच्या पोटातूनच शिकून येतात, असं पणरावांचं पक्कं मत होतं.

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब वाईट नव्हते, फक्त घाईत होते, आणि घाईतला भला माणूस हा आळशी दुष्ट माणसापेक्षा जास्त नुकसान करतो. "हे बघा," साहेब म्हणाले, "सोमवारपर्यंत परत करून दाखवा. नाही जमलं तर 'सर्व ठीक' म्हणून सही करा. हॉस्पिटलवाले थांबलेत. आणि मला एक सांगा, एवढ्या लोकांत हे तुम्हाला एकट्यालाच कसं हो दिसतं?"

'सही करा' हे पणरावांनी ऐकून घेतलं. 'एकट्यालाच' मात्र खोल लागलं, कारण ते खरं होतं. ऑफिसात प्रोग्रॅमर नऊ आणि टेस्टर एक. भांडायला नऊजण होते, 'असं होतं रे कधी कधी' म्हणायला कोणी नव्हतं. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांना स्वतःचाच संशय येऊ लागला. खरंच दिसलं होतं का ते? सही केली आणि उद्या कोणाचा रिपोर्ट कोणाच्या हातात पडला तर? आणि नाही केली तर कशाच्या जोरावर?

"चष्म्याचा नंबर तपासून घ्या एकदा," बायको म्हणाली. तिचा हेतू चांगला होता. पणराव लायटर आणायला विसरले होते, तरीही ती हे मऊ आवाजात म्हणाली, यावरून त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते समजावं.

तोडगा अनपेक्षित दिशेने आला. सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तुमच्या लोकांचा संघ नाही?"

"नाही."

"नाही?" सासऱ्यांना पहिल्यांदाच जावयाची मनापासून कीव आली. "आमचा मुख्याध्यापक संघ होता. कसलीही अडचण आली की संघात मांडायची. सुटायचीच असं नाही, पण निदान ठराव तरी व्हायचा. माणसाला बरं वाटतं हो."

पणराव विचारात पडले. त्यांच्याच इमारतीत कुत्रेवाल्यांचा गट होता. गच्चीवर झाडं लावणाऱ्यांचा होता. त्या गटात भांडण होऊन फुटलेल्यांचाही होता. टेस्टर तेवढे निराधार. त्यांनी त्याच वेळी इंटरनेटवर जाहीर करून टाकलं, की शहरातल्या समस्त टेस्टर मंडळींनी रविवारी आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये जमावं, आपलं एक मंडळ काढू, चहा माझ्याकडून. खाली नाव नोंदवायचा एक फॉर्म स्वतः बनवून जोडला.

इथे त्यांच्या हातून एक चूक झाली. स्वयंपाकाला नावं ठेवणारा माणूस स्वयंपाकघरात शिरला की जे होतं, ते झालं. तिकडे आपण येऊच.

आधी हॉल मिळवायचा होता. हॉल इमारतीच्या सेक्रेटरीच्या ताब्यात. सेक्रेटरी तळमजल्यावर राहत आणि नियमांवर जगत. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. कार्यक्रमाचा प्रकार: लग्न, वाढदिवस, शोकसभा, इतर.

"इतर," पणराव म्हणाले.

"इतर कार्यक्रमांना परवानगी नाही."

"मग अर्जात 'इतर' कशाला ठेवलंय?"

"नाही म्हणता यावं म्हणून."

पणरावांमधला टेस्टर या उत्तराने एकदम सुखावला. इतकी शुद्ध, इतकी निर्मळ चूक त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. पण हॉल हवा होता.

"लग्न दाखवा," शेजारी उभे असलेले विमा एजंट म्हणाले. कोणाचंही काम चालू असलं की तिथे उभं राहायचं, हा त्यांचा जोडधंदा होता.

"नवरा-नवरीच्या सह्या लागतात," सेक्रेटरी म्हणाले. "वाढदिवसाला जन्माचा दाखला लागतो."

"आणि शोकसभेला?"

"शोकसभेला काही लागत नाही. अशा वेळी कागद मागणं बरं दिसत नाही. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

पणरावांनी शोकसभेवर खूण केली. सेक्रेटरींनी चष्मा काढला, त्यांचा हात हातात घेतला आणि दाबला. पणरावांना वाटलं हॉल मिळाल्याबद्दल अभिनंदन करताहेत, म्हणून त्यांनीही हसून दाबला. सेक्रेटरी मनात म्हणाले, बिचारा किती धीराने घेतोय.

"माणसं किती येतील?"

"उद्या सांगतो," पणराव म्हणाले, आणि घरी जाऊन त्यांनी फॉर्म उघडला.

आता टेस्टरसमोर फॉर्म ठेवला की तो भरला जाईल, असं पणरावांना वाटलंच कसं, हा प्रश्न बायकोने पुढे बरेच दिवस विचारला. टेस्टर फॉर्म भरत नाही, टेस्टर फॉर्म बघतो. पहिल्या माणसाने नावाच्या जागी नुसता 'अ' लिहिला होता, पण इतक्या वेळा, की पान सरकवता सरकवता बोट दुखावं. दुसऱ्याने नाव रिकामं सोडलं होतं आणि फॉर्मने ते मुकाट्याने घेतलं होतं. एका बाईंनी सोबत येणाऱ्या पाहुण्यांची संख्या उणे तीन लिहिली होती. एकाने साडेचार. एकाने नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव. एकाची जन्मतारीख यायची होती. एकाने बटण दोनदा दाबून पाहिलं होतं, आणि तो दोनदा येणार होता. शिवाय प्रत्येकाने खाली नम्रपणे लिहिलं होतं: आपला फॉर्म उणे संख्या स्वीकारतो. आपला फॉर्म अपूर्णांक स्वीकारतो. कळावे, लोभ असावा.

बायको खांद्यावरून वाचत होती. "काय चावट लोक आहेत! अहो, तुमच्या डोळ्यांत पाणी का आलं?"

"आपली माणसं गं," पणराव म्हणाले. "सगळी आपली माणसं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरीला खरा आकडा सांगितला, की येणारे दहा लाख असतील किंवा उणे दोन. सेक्रेटरींनी सहानुभूतीने मान हलवली. दुःखात माणसाचं असं होतं. त्यांनी स्वतःच्या अंदाजाने खुर्च्या मांडल्या आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: रविवारी शोकसभा. कोण गेलं ते लिहिलं नव्हतं, पण पणरावांचे सासरे सर्दीमुळे तीन-चार दिवस खाली फिरायला आले नव्हते. इमारतीने हिशोब केला.

रविवारी पणराव हॉलमध्ये पोचले तेव्हा पहिल्या दोन रांगा शेजाऱ्यांनी भरल्या होत्या. सगळे मान खाली घालून बसले होते. आपल्या उपक्रमाला इतका गंभीर प्रतिसाद बघून पणराव भारावून गेले. मग टेस्टर येऊ लागले, दहा-बाराजण. पहिल्याने दार उघडलं, लावलं, परत उघडलं, 'ओढा' लिहिलं होतं तिथे ढकलून पाहिलं आणि समाधानाने आत आला. दुसऱ्याने बसण्यापूर्वी रांगेतली प्रत्येक खुर्ची हलवली आणि नेमकी लंगडी खुर्ची शोधून बाजूला ठेवली. त्या खुर्चीवरून आजवर कितीतरी लोक पडले होते आणि प्रत्येकाने ते स्वतःच्या वजनावर घेतलं होतं. एका तरुणाने, तो खेळांची सॉफ्टवेअर तपासायचा, माईकवर आधी कुजबुजून, मग ओरडून पाहिलं, मग बटण भराभर चालू-बंद केलं, आणि माईकने प्राण सोडला. त्या सभेतलं ते एकमेव निधन. लिफ्टची यंत्रणा तपासणारे एक वयस्कर गृहस्थ दम खात आले, कारण लिफ्ट चालू असूनही ते कोणत्याही इमारतीत जिनाच चढत, आणि इथे हॉल पाचव्या मजल्यावर होता. उणे तीनवाल्या बाई बँकेची सॉफ्टवेअर तपासणाऱ्या निघाल्या. त्या एकट्याच आल्या होत्या.

शेवटी सासरे आले, गळ्याला मफलर गुंडाळून, आणि पहिल्या रांगेत रिकामी खुर्ची बघून बसले. विमा एजंट शेजारीच होते. ते किंचाळले.

सेक्रेटरींचं भाषण तोवर सुरू झालं होतं. "अत्यंत शिस्तीचे, मायाळू... आज ते आपल्यात नाहीत."

"कोण हो?" सासऱ्यांनी चहाचा कप हातात घेत विचारलं.

सेक्रेटरींनी वर पाहिलं. "तुम्ही."

"मी? कधी?"

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. लिफ्टवाले गृहस्थ अत्यंत आस्थेने म्हणाले, "हे पहिल्यांदाच झालं की आधीही होत होतं? पुन्हा करून दाखवता येईल?"

खुलासे झाले. सेक्रेटरींना नियमभंगाचा धक्का बसला, शेजाऱ्यांना थोडी निराशा झाली, पण चहा पुढे आलेला असल्याने उठलं कोणी नाही. पणराव उभे राहिले. मंडळाची घटना, उद्दिष्टं, अध्यक्षपद असं बरंच त्यांनी लिहून आणलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं, आणि तोंडून निघालं ते गुडघ्याचं आणि मोतीबिंदूचं. एकदाच दिसलं, फोटो नाही, उद्या सही करायची आहे. सांगून ते थांबले आणि नेहमीच्या प्रश्नाची वाट बघू लागले. खात्री आहे का? चष्मा तपासला का?

तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

"झालं ना? मग झालं," बँकवाल्या बाई म्हणाल्या. "आता कसं झालं ते बघू. त्या वेळी आणखी कोण वापरत होतं?"

इतक्या वर्षांत 'झालं ना, मग झालं' हे पणरावांना कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पाणी पिऊन घेतलं. "कोणी नाही. मी एकटाच होतो."

"ऑफिसात एकटे?"

"ऑफिसात नऊजण आणखी होते."

"मग एकटे कसे? आणि नंतर शंभर वेळा बघितलंत तेव्हा?"

"तेव्हा सगळे घरी गेलेले असायचे. नाहीतर चिडून दुसरंच काम करत बसायचे. मी आपला दोन हातांत दोन फोन घेऊन..."

"दोन हात पुरायचे नाहीत हो," लिफ्टवाले म्हणाले. "एक माणूस लिफ्टमध्ये काही बिघाड करत नाही. घोटाळा होतो तो सगळे एकदम बटण दाबतात तेव्हा."

आणि इथे साहेबांची घाई कामी आली. कंपनीने त्या सॉफ्टवेअरची चाचणीची प्रत कधीच जगाला खुली करून ठेवली होती: खोटं नाव घाला, खोटी तपासणी निवडा, वापरून बघा आणि चुका कळवा. आजवर कोणी काही कळवलं नव्हतं, कारण एकेकटे लोक येत, बघत आणि छान म्हणून जात. टेस्टरांनी फोन काढले. शेजाऱ्यांनीही काढले, माणूस जिवंत निघाल्यावर त्यांनाही काही तरी करायचंच होतं. सेक्रेटरींनी हॉलचे नियम चाळून पाहिले, फोनला मनाई सापडली नाही, तेव्हा त्यांनीही काढला. सासऱ्यांनी साखरेची तपासणी निवडली.

पहिल्यांदा दाबलं. काही नाही. परत दाबलं. ज्याचं त्याला. विमा एजंटांनी पणरावांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांना साहेब आठवले. पणराव खुर्चीवर बसले. नेमकी ती लंगडी खुर्ची होती.

"एकदम होत नाहीये," खेळवाला तरुण म्हणाला. "कोणी आधी दाबतो, कोणी नंतर. कोणीतरी हुकूम द्यायला पाहिजे."

सासरे उठले. मफलर सोडला. मैदानभर पोरं एका आवाजात उभी करणारा तो जुना गळा सर्दीतून वाट काढत बाहेर आला. "सगळे सावधान! बोट बटणावर! कोणी हलणार नाही! एक... दोन... तीन!"

सगळ्यांनी दाबलं. सासऱ्यांनी फोन लांब धरला, मग जवळ धरला.

"जावईबापू, मी साखर तपासायला दिली होती ना?"

"हो बाबा."

"मग हे 'अभिनंदन, आपण गर्भवती आहात' काय आहे?"

"आणि माझी साखर दोनशे दहा?" बँकवाल्या बाई ओरडल्या. "मी गरोदरपणाची तपासणी घेतली होती!"

सभागृह उठून उभं राहिलं. टेस्टर एकमेकांचे फोन बघत होते, फोटो काढत होते, फोटोंचे फोटो काढत होते. बायको मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती. सेक्रेटरी घसा फोडून सांगत होते, की शोकसभेत टाळ्यांना मनाई आहे. पणरावांना कोणीतरी मिठी मारली, आणि ते लिफ्टवाले गृहस्थ आहेत हे त्यांना नंतर कळलं. छाती अशी भरून आली होती की त्यांना स्वतःच्या नेहमीच्या शब्दाचीही आठवण राहिली नाही.

सासरे तेवढे खाली बसले होते. एकाच सकाळी मृत आणि गर्भवती ठरलेला माणूस थोडा बसणारच. सगळं शांत झाल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "हे खरं हॉस्पिटल असतं, तर ही बातमी कोणाची होती?"

"एखाद्या खऱ्या बाईची," पणराव म्हणाले. "तिच्या घरी कळायच्या आधी परक्या माणसाला कळली असती. आणि तुमची साखर तुम्हाला कळलीच नसती."

सासऱ्यांनी फोनवरचं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी फोन जावयाच्या हातात दिला. "हे तुम्ही मला सांगत होतात तसं," ते म्हणाले. "मी ऐकत होतो, पण मला कळलं नव्हतं."

सोमवारी पणरावांनी साहेबांच्या टेबलावर फोटो मांडले. मुख्य प्रोग्रॅमर आला. "माझ्याकडे तर..." त्याने सुरुवात केली, आणि पुढचे शब्द परत आत घेतले. त्याने एकेक फोटो उचलून पाहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी मोतीबिंदूचा रिपोर्ट मीच उघडून बघत होतो. तुमच्या भिंतीपलीकडे. तेवढं सांगायला हवं होतं मी." पोरगा तसा चांगला होता. हॉस्पिटलचा मुहूर्त पुढे गेला, चूक दुरुस्त झाली, आणि मगच कागदावर पणरावांची सही पडली.

"शेवटी एकट्याने शोधून काढलंतच की," साहेब म्हणाले.

"एकट्याला ती कधीच सापडली नसती," पणराव म्हणाले. "आमच्या मंडळाने शोधली." 'आमच्या मंडळाने' हे ते इतक्या सावकाश म्हणाले की साहेबांनी उभं राहून हात मिळवला.

मंडळ आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरतं. अध्यक्ष अजून ठरलेला नाही, कारण निवडणुकीच्या पद्धतीतल्या चुका संपत नाहीत. सेक्रेटरींनी अर्जात एक नवा प्रकार घातला आहे, 'टेस्टर', आणि लंगडी खुर्ची सुताराकडे पाठवली आहे.

परवा इमारतीत एक नवीन कुटुंब राहायला आलं. फाटकापाशी सासऱ्यांची ओळख झाली. जावई काय करतात, असं त्यांनी विचारलं. पणराव मागून बाजाराची पिशवी घेऊन येत होते. ते सवयीने थबकले आणि त्या कॉम्प्युटरमध्ये पडलेल्या आवाजाची वाट पाहू लागले.

"जावई टेस्टर आहेत," सासरे खणखणीत म्हणाले.

"म्हणजे नेमकं काय करतात?"

"ते 'पण' म्हणतात."

"एवढंच?"

"एवढंच," सासरे म्हणाले. "पण वेळेवर म्हणतात."